वरातीची चार्जिंग

चिमाजीने होडीला बिनदोरीची, बटनावर सुरू होणारी मोटर बसवली आणि त्या दिवसापासून सावळेरामच्या पोटात दुखायला लागलं. दोघे चुलतभाऊ. डिंभे धरणाच्या पाण्यातून माणसं पलीकडे सोडायचा दोघांचाही धंदा. सावळेराम मोटरची दोरी हिसडून घामाघूम व्हायचा आणि शेजारी चिमाजी पावण्यांशी गप्पा मारत नुसता अंगठा दाबायचा. वर स्पीकर आणि दिवेही! कुणाचं डोकं फिरणार नाही?

"तुमी कशाला जळताय?" बायको साळुबाई म्हणाली.

"मी जळत न्हाई!" हे सावळेराम इतक्या जोरात ओरडला की चिमाजीच्या अंगणात ऐकू गेलं.

त्यात भगवंतरावांच्या मुलीचं लग्न निघालं. नवरदेव ऋतिक शिनोलीचा, मांडव पाण्यापलीकडे. भगवंतरावांनी जाहीर केलं, "ज्याची होडी भारी, त्याच्यात नवरदेव."

झालं! सावळेरामने नवी बटनाची मोटर आणली. चिमाजीचा एक स्पीकर, म्हणून याचे दोन. शिवाय दिव्यांच्या माळा आणि नवरदेवाला पंखा. मोटरची दोरी गावंढळ दिसते म्हणून काढूनच टाकली.

घोडेगावचा मेकॅनिक ज्ञानेश्वर म्हणाला, "भाऊ, मोटर जोरात पळाली तरच बॅटरी चार्ज व्हती. हळू चालवून एवढं सगळं लावलं, तर बॅटरी बसंल."

"वरात कधी पळत जाती का रं?" सावळेरामने त्यालाच वेड्यात काढलं.

नवरदेव मिळाला सावळेरामलाच. चिमाजीच्या वाट्याला मामा आणि करवल्या आल्या. त्याने जळफळून तीन स्पीकर लावले.

लग्नाच्या दिवशी दोन्ही होड्या शेजारी शेजारी, मुंगीच्या पावलांनी निघाल्या. पुढे जाऊन वरात मोडायची नाही आणि मागे तर मुळीच राहायचं नाही. पाचही स्पीकर कोकलत होते. तासाभराने काठ हाकेवर आला, तेव्हा फोटोग्राफर म्हणाला, "होडी थरथरतीय राव, मोटर बंद करा."

सावळेरामने ऐटीत मोटर बंद केली. फोटो निघाला. त्याने बटन दाबलं. टक्! पुन्हा दाबलं. टक्! पंखा थांबला, गाणं गचके खात मेलं आणि नवरदेवाच्या कपाळावरून घाम ओघळला.

"थांब, वढून नेतो तुला!" चिमाजीला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. जवळ येऊन त्याने मोटर बंद केली, दोन्ही होड्या दोराने बांधल्या आणि बटन दाबलं.

टक्!

"मुहूर्त चाललाय!" काठावरून भगवंतराव बोंबलले. "वाजंत्री थकली, आता तरी या!"

तेवढ्यात मासेमारीची जुनी होडी वल्हवत साळुबाई आली. नऊवारीचा काष्टा, नाकात नथ. "या पावणं, बसा," ती ऋतिकला म्हणाली. नवरदेव टुणकन उडी मारून बसला. काठाला लागताच वाजंत्री दणाणली. भगवंतरावांनी साळुबाईला नारळ दिला, फेटा बांधला. फोटोग्राफरनेही आता कॅमेरा तिच्याकडेच वळवला.

पाण्यात दोघे भाऊ बांधलेल्या होड्यांत बसून ते सगळं पाहत होते. सावळेरामला बायकोचा अभिमान वाटायला हवा होता. पण खोटं कशाला बोला, त्याचं काळीज तिच्या फेट्यावर जळत होतं.

"वयनीचं वल्हं सागाचं हाय का रं?" चिमाजीने हळूच विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"न्हाई, मीबी तसलंच घीन म्हणतो."

"घे की," सावळेराम म्हणाला. "मी तुझ्यापेक्षा वीतभर लांब घेणार हाय."