ट्रॉली रिव्हर्सचा बादशहा फोर्कलिफ्टवर

"ज्याला भरली ट्रॉली रिव्हर्स घेता येते ना, त्याच्या हातात विमान द्या, तेबी धक्क्याला लावीन!" इंद्रजीत पारावर बसून छाती ठोकून सांगायचा. आणि खोटं कशाला बोला? बिडकीनजवळच्या जत्रेत ट्रॅक्टरची ट्रॉली उलटी घ्यायच्या स्पर्धेत त्याचा पहिला नंबर आलेला. बक्षिसाचा कुकर आईनं अजून चुलीवर चढवला नाही, देव्हाऱ्याशेजारी ठेवलाय.

पण कुकर दाखवून बायको मिळत नसते हो! जमीन बागायती, घर स्लॅबचं, पोराला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. तरी पोरीचा बाप बसल्याबसल्या विचारणार, "पोरगा कंपनीत कुठं आहे?" जसा काही शेतात राबणारा माणूस रिकामटेकडाच! इंद्रजीतची सगळी स्थळं या एका प्रश्नाला धडकून माघारी गेली. शेवटचं उरलं पैठणकडच्या बद्रीनाथ पाव्हण्यांचं. त्यांनी स्पष्टच सांगितलं, "आमची मंजुषा बी.कॉम. झालेली. पोराला आधी कंपनीत लागू द्या, मग पोरगी दाखवतो." फोटोसुद्धा दिला नाही. दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाले, हेच उपकार!

अशात वाळूजच्या एका रंगाच्या कंपनीची जाहिरात मोबाईलवर आली. फोर्कलिफ्ट चालवणारा पाहिजे. तिचं लायसन पाहिजे, अनुभव पाहिजे, कॉम्प्युटर यायला पाहिजे. इंद्रजीतकडं तिन्हीच्या नावानं शंख! पुढं दोन लोखंडी सुळे असलेली, माल उचलणारी गाडी म्हणजे फोर्कलिफ्ट, एवढंच त्यानं व्हिडिओत बघितलेलं.

"काका, आपल्याला अनुभव नाय ना," तो चुलत्याला म्हणाला.

"आरं, कामावर घेतल्याबिगर अनुभव येतो व्हय? का झाडाला लागतो तो?" काकासाहेब कडाडले. "लिहून टाक, समदं येतं!"

काकासाहेबांचं अनुभवाचं बोलणं खोटं नव्हतं, हीच तर बोंब आहे. इंद्रजीतनं लिहून टाकलं. आणि काय सांगू, बोलावणं आलं!

त्याला गुपचूप एकट्यानं जायचं होतं. पण आमच्याकडं माणूस एकटा दवाखान्यात जात नाही, तर मुलाखतीला कुठला जायला! जीप गच्च भरली. काकासाहेब निघाले, भावकी निघाली, आणि "डोळ्यानं बघितलेलं बरं" म्हणत बद्रीनाथ पाव्हणेही पुढच्या सीटवर येऊन बसले. काकासाहेबांनी गुलालाची पिशवी मांडीवरच घेतली होती.

"काका, अजून नोकरी लागली नाय!"

"लागल्यावर गुलाल कुठं हुडकत फिरायचा? गप गाडी चालव!"

भावकी कंपनीच्या जाळीच्या गेटाबाहेर उभी राहिली. आत रत्नमाला मॅडमनी कागद बघितले. माणसं घ्यायची का नाही, हे त्यांच्याच हातात.

"किती वर्षं चालवताय?"

"लहानपणापासून!" इंद्रजीतच्या तोंडून निघून गेलं.

"लहानपणापासून फोर्कलिफ्ट?"

"म्हणजे... घरचीच सवय आहे, मॅडम."

"लायसन?"

"घाईत घरी राहिलं."

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. बाकीचे उमेदवार आलेच नव्हते. उरलेला एकच, कारभारी नावाचा गंगापूरकडचा बारका पोरगा, कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला. "बरं, चालवून दाखवा," मॅडम म्हणाल्या.

काम साधं होतं. रंगाच्या बादल्या रचलेली एक लाकडी चौकट उचलायची आणि पलीकडं नेऊन ठेवायची. पलीकडं सुरक्षा सप्ताहाचा मांडव घातलेला. 'सुरक्षा आमचा श्वास' असा मोठा बॅनर, सतरंजी, खुर्च्या, सगळा थाट!

इंद्रजीत रुबाबात चढला. गेटाबाहेर टाळ्या पडल्या. सुळे चौकटीखाली नीट गेले, बादल्या उचलल्या, आणि गाडी सरळ निघाली. बद्रीनाथ पाव्हण्यांनी मान डोलावली. इंद्रजीतच्या डोळ्यांपुढं मुंडावळ्या हलायला लागल्या.

मग आलं वळण.

आता ट्रॅक्टर पुढच्या चाकांवर वळतो आणि मागची चाकं निमूट मागं येतात. फोर्कलिफ्टचं सगळं उलटं. ती मागच्या चाकांवर वळते, आणि तोंड डावीकडं घेतलं की बूड उजवीकडं भसकन बाहेर जातं. हे इंद्रजीतला कोण सांगणार? त्यानं ट्रॅक्टरसारखं स्टेअरिंग गर्रकन फिरवलं. बूड गेलं बाहेर आणि बसलं बादल्यांच्या दुसऱ्या थप्पीवर. धडाड् धूम! एक बादली मॅडमच्या पायाशी फुटली, आणि त्या घोट्यापर्यंत पिस्ता रंगात उभ्या!

"अरे भाई, ब्रेक दबा, ब्रेक!" सुपरवायझर ओरडला.

इंद्रजीतनं ब्रेक सोडून हाताला लागला तो दांडा ओढला. गाडी मांडवात शिरली. सुळे वर निघाले, बादल्या पुढं घसरल्या आणि मांडवाचं कापड बांबूसकट वर चढायला लागलं!

गेटाबाहेरून सांडलेल्या बादल्या काही थप्प्यांआड दिसत नव्हत्या. दिसत होता तो फक्त आभाळात चढणारा मांडव.

"लागला! पोरगा लागला!" काकासाहेब बेंबीच्या देठापासून ओरडले. "आरं, मांडवासकट उचलला!"

आणि जाळीवरून गुलाल आला. मुठीमुठीनं आला. मॅडम खालून पिस्ता, वरून गुलाबी झाल्या.

"कोण आहेत ती माणसं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाय, मॅडम," इंद्रजीत म्हणाला. दिवसभरातलं त्याचं हे शेवटचं खोटं.

मग कारभारी उठला. आयटीआय झालेला, लायसन खिशात. त्यानं मांडव खाली उतरवला, बादल्या हलवल्या, गाडी जागेवर लावली. मॅडमनी तिथल्या तिथं त्याला घेतलं.

इंद्रजीत नळावर तोंड धूत होता. गुलाल काही निघत नव्हता. गेटापाशी बद्रीनाथ पाव्हण्यांनी कारभारीला गाठलेलं.

"गाव कोणतं म्हणालात? आडनाव? मामा कुठले?" आणि मग, गळा साफ करून, "लग्नाचं काय बघताय का?"

कारभारी लाजून हसला. इंद्रजीतच्या हातातलं पाणी सांडून गेलं. पोरगी अजून बघितलीसुद्धा नव्हती, आणि गेली!

बद्रीनाथ काकासाहेबांजवळ आले. "राग मानू नका, पाव्हणं. बापाचं काळीज आहे. कारभारी गाठ पडलाच आहे, तर आजच पोरगी दाखवून घेतो. तेवढी जीप..."

काकासाहेबांनी गुलालाची रिकामी पिशवी झटकली. पण पाव्हण्याला रस्त्यावर सोडायची आमची रीत नाही. "इंद्रा, गाडी काढ," ते एवढंच म्हणाले. पोटात दुखतंय म्हणून गावाजवळ बिडकीनलाच उतरले, आणि भावकीही त्यांच्यामागं उतरली.

पुढं इंद्रजीतनं दोघांना पैठणकडं नेलं. वाटेत एकही खड्डा लागू दिला नाही. कारभारी भाबडेपणानं म्हणालासुद्धा, "लई भारी चालवता तुम्ही. कंपनीत कुठं आहात?"

घरी गेल्यावर बद्रीनाथ कारभारीला बैठकीत घेऊन गेले. इंद्रजीत ओट्यावर टेकला. आतून सारजाबाईंचा, म्हणजे मंजुषाच्या आईचा, आवाज आला, "मंजे, बाहेर ड्रायव्हर बसलाय, त्यालाबी दे."

मंजुषा ताट घेऊन बाहेर आली. आबोली रंगाची साडी, कपाळावर बारीक टिकली. त्याच्या गुलालानं माखलेल्या तोंडाकडं बघून तिला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं.

"घ्या दादा, पोहे."

इंद्रजीतनं घेतले. काय करणार? सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"अजून देऊ, दादा?"

"द्या," तो म्हणाला. पोहे खरंच चांगले झाले होते.