नानासोंची साहेबी बंदूक आणि कातरवाडीची फत्ते

शके अठराशे अडुसष्ट, व्ययनाम संवत्सर, माघ मास. आंग्ल पातशाही बाडबिस्तरा आवरीत असतां रहिमतपुरानजीक मौजे कातरवाडी येथे जे रण जाहले, त्याची हकीकत थोरांनी सावध चित्ते ऐकावी.

रावसाहेब नानासो म्हणजे निम्म्या गावच्या उसाचे धनी. महायुद्धात त्यांनी दुसऱ्यांची पोरे भरतीस घातली आणि आपण रावसाहेबी घेतली. पुढे हवालदार जोतीराम ब्रह्मदेशातून जिवंत परतला आणि गाव चावडीवर तोंड उघडे टाकोन त्याचे बोलणे ऐको लागले, ते नानासोंचे काळजास झोंबले. मग उसाचे फडात रानडुक्कर शिरल्याचे निमित्त जाहले आणि नानासो पुण्यास कूच करोन खास साहेबी शिकारी बंदूक घेऊन आले.

नळी आखूड, दस्ता तुळतुळीत. गाव दर्शनास लोटले. जोतीरामाने बोल्ट मागे ओढिला आणि जुनी वळख पटल्यागत हासला.

"नानासो, ही आमच्या पलटणीच्या बंदुकीची भैण हाय. लाकूड तासलंय, गोळी बदललीया. बाकी तीच."

नानासोंची मुद्रा उतरली. त्यांनी जागीच हुकूम फर्माविला की, हिला जो पलटणीची म्हणेल त्यास गुऱ्हाळावर रस मना. रयत तत्काळ तीस शिकारी म्हणो लागली.

मग सोला टोपी शिरी घालोन खासा स्वारी बांधावर मोर्चा धरोन बसली आणि हाकाऱ्यांनी डबे बडवून फड हालविला. दिवस कलता वराह बाहेर पडला, तो थेट नानासोंसमोर. ते सुळे पाहोन नानासोंनी डोळे मिटले आणि बार जाहला.

गोळी वराहास सोडोन पल्याड गुऱ्हाळात शिरली. काहिलीत गूळ होत आला होता. काहिलीस भोक पडोन उकळता पाक धो धो वाहिला. काहिलीशी उभा गुळव्या गुंडा उडी टाकोन बचावला. वराह बिथरोन जो पळाला, तो नदी उतरोन पार.

नानासो धापा टाकीत पोचले. गुंडा जिता, परंतु लटलट कापत बसलेला. तो पाहतां नानासोंस प्रथमच बंदूक जड वाटली. काहील निवल्यावर पत्नी रंगूबाईंनी भोकात बोट घालोन पाहिले.

"आवं, डुकरानं समदा माघ खाल्लं आसतं, तरी एवढं खपलं नसतं."

जोतीराम गुंडाचे पाठीवर हात फिरवीत बसला. मग नानासोंनी घसा साफ करोन फर्माविले की, शत्रू मुलूख सोडोन गेला, सबब फत्ते समजावी.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. शत्रूकडील जखमी कोणी नाही. आपलेकडील काहील एक पडली. विजयाचा गूळ घरोघर वाटावा, ऐसा रिवाज. परंतु गूळ नव्हता.