पाचशे छापल्या, सहा हजार खपल्या

पुस्तकाच्या धंद्यात वाचक हा सर्वांत बेभरवशाचा घटक आहे. कागद सांगितल्या दिवशी येतो, शाई वेळेवर वाळते, लेखक तर न बोलावताही येतो. पण वाचक कधी येईल, काय मागेल आणि मागितलेले घेईल की चाळून ‘बघू’ म्हणेल, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. (कोकणात ‘बघू’ म्हणजे ‘नको’. ‘नको’ म्हणजे ‘फुकट असेल तर बघू’.) या घटकाचा कायमचा बंदोबस्त झाल्याखेरीज प्रकाशन व्यवसायाला बरे दिवस येणार नाहीत, असे जाणकारांचे मत होते. तो बंदोबस्त सन २००६ मध्ये रत्नागिरीत झाला.

राम आळीत काशीराम शिवलकरांचे दुकान होते. पुढे पुस्तके, मागे छापखाना. त्यांची कामाची रीत अगदी मागासलेली होती. पुस्तक बांधणीला जाण्याआधी ते स्वतः पान न पान वाचत, आणि मग दुकानात बसून गिऱ्हाइकाची वाट बघत. वीस वर्षांत त्यांना एक खात्रीचा वाचक मिळाला होता. दोन घरे सोडून राहणाऱ्या यमुनाबाई. ही बाई काशीरामांचे प्रत्येक पुस्तक विकत घेई, पूर्ण वाचे, आणि गुरुवारी बाजाराला निघाली की दुकानाच्या पायरीवर बसून त्यातल्या चुका सांगे. हा छळ काशीरामांनी वीस वर्षे सोसला. आधुनिक व्यवस्थेने तो थांबवला.

व्यवस्था आणली ती शमिकाने. ही काशीरामांची भाची, पुण्याहून संगणकाची पदवी घेऊन आलेली. तिने दुकानात संगणक मांडला आणि सांगितले, की एपीआय नावाची एक सोय आहे. त्या सोयीने आपला संगणक मुंबईच्या वितरकाच्या संगणकाशी परस्पर बोलेल. मध्ये माणूस नको.

“बोलेल म्हणजे?”

“ठरलेल्या नमुन्यात विचारायचं, ठरलेल्या नमुन्यात उत्तर येतं. हो किंवा नाही.”

“म्हणजे गुरव,” काशीराम म्हणाले. “आपलं गाऱ्हाणं त्यानं ठरल्या शब्दांत देवाला घालायचं, नि देवानं उजवा-डावा कौल द्यायचा.”

“तसंच, मामा. फक्त नारळ लागत नाही.”

“मग गुरवाचं चालतं कसं?” काशीरामांना खरोखरच काळजी वाटली.

पहिला मान अलीभाई मुकादमांच्या आठवणींना मिळाला. अलीभाई जयगडचे. त्यांचा सगळा जन्म आधी गलबतावर आणि मग आखाताच्या बोटींवर गेला होता. ‘तीस वर्षे खारे पाणी’ या त्यांच्या पुस्तकाच्या पाचशे प्रती निघाल्या. संगणकाच्या उद्घाटनाची गडबड असल्याने काशीरामांना या खेपेस पाने वाचायला सवड झाली नाही. पन्नास प्रती रिवाजाप्रमाणे जिल्ह्यातल्या मान्यवरांना सप्रेम भेट गेल्या, आणि पन्नासही मान्यवरांनी ‘एका बैठकीत संपवले’ असे कळवले. उरलेल्या साडेचारशे संगणकाच्या स्वाधीन झाल्या.

इथे व्यवस्थेचे नियम सांगणे आवश्यक आहे. मुंबईच्या संगणकाला दोन गोष्टी शिकवल्या होत्या: पंधरा दिवसांत जे खपले नाही ते परत पाठवावे, आणि कपाटात जे कमी झाले ते ताबडतोब मागवावे. रत्नागिरीच्या संगणकाला एकच शिकवले होते: मागणी आली की माल रवाना करावा आणि विक्री मांडावी. तेव्हा प्रती मुंबईला जात, पंधरा दिवस राहत, परत येत. परत निघाल्या की मुंबईचे कपाट रिकामे दिसे आणि नवी मागणी येई. एसटीचा कंडक्टर केरू त्या गठ्ठ्यांना ओळखू लागला होता. “आली काय माहेरवाशीण!” म्हणत तो ते उतरवून घेई, आणि दोन दिवसांनी पुन्हा सासरी पोचवी.

वर्षाच्या आत सहा हजार प्रतींची विक्री झाली. छापल्याच्या बारापट. (परतीचा आकडा दुसऱ्या पानावर येत असे, आणि दुसरे पान उघडण्याची कोणाला घाई नव्हती.) कागदाची एवढी बचत करणारा बेस्टसेलर मराठीत पूर्वी झाला नसावा. मुंबईच्या प्रगत प्रकाशक मंडळाने काशीरामांचा सत्कार ठरवला. अट एवढीच, की त्या दिवशी दोन्ही संगणकांचे आकडे जुळलेले असावेत.

या सुखात एकच खडा होता. यमुनाबाईंना पुस्तक मिळत नव्हते. त्या आल्या की प्रती मुंबईत असत, किंवा वाटेत, किंवा काशीरामांच्या खुर्चीमागे. पण खुर्चीमागच्या गठ्ठ्यावर मुंबईची मागणी आधीच लागलेली असे. शमिकाने त्यांची मागणी रीतसर नोंदवली होती आणि ‘आपली प्रत मार्गावर आहे’ असे उत्तरही आले होते. ते खोटे नव्हते.

एका गुरुवारी यमुनाबाई पायरी चढून सरळ आत आल्या.

“काय रं काशीराम, ह्ये पुस्तक न्हाय तर काय हाय?”

“काकी, ते मुंबईचं.”

“मुंबयचं? तुज्या मागल्या दारी छापलंस नि मुंबयचं कसं झालं? देव हितं म्होरं बसलाय, मला गुरव नको.” त्यांनी खुर्चीमागच्या गठ्ठ्याची दोरी सैल करून वरची प्रत काढली, टेबलावर पैसे ठेवले आणि बाजाराला गेल्या.

अशा रीतीने त्या पुस्तकाची पहिली विक्री झाली आणि व्यवस्था कोलमडली. मुंबईला एक प्रत कमी पोचली. मुंबईच्या संगणकाने विचारले, रत्नागिरीच्या संगणकाला सांगता येईना, आणि दोघांनीही बोलणे टाकले. दुसऱ्याच दिवशी खप शून्यावर आला. सत्कार रविवारी होता.

शनिवारी सकाळी काशीराम प्रत परत मागायला यमुनाबाईंकडे गेले. त्या पडवीत चष्मा लावून बसल्या होत्या.

“बरा आलास,” त्या म्हणाल्या. “अलीभाईचं गलबत तुफानात सापडलं. डोलकाठी मोडली, पानी आत आलं, तांडेल अल्लाचं नाव घेतोय. नि पान उलटलं तं एकदम अलीभाईच्या लेकीचा निकाह! बिर्याणी वाढतायत! मधी काय झालं?”

काशीरामांनी पुस्तक हातात घेतले. पान चौसष्ट. पुढचे पान एक्याऐंशी. सोळा पानांची एक अख्खी घडी बांधणीत राहून गेली होती. एका प्रतीत राहिली असेल म्हणून ते धावत दुकानात गेले, अडकलेला गठ्ठा सोडला, एकेक प्रत उघडून पाहिली. सगळ्यांत तेच. सहा हजार प्रती खपल्या, पन्नास मान्यवरांनी एका बैठकीत संपवल्या, आणि भर समुद्रात सोडलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे एकानेही विचारले नव्हते. काशीरामांना लाज वाटली. मान्यवरांची नव्हे, स्वतःची. त्यांनीही पाने वाचली नव्हती.

त्या घड्यांचा अख्खा ढीग मागच्या खोलीत, कागदाच्या रिमांखाली सापडला. त्यातली एक घेऊन ते पुन्हा पडवीत गेले.

“वाच मोठ्यानं,” यमुनाबाई म्हणाल्या. “माजे डोळे दमले.”

काशीरामांनी सोळाही पाने वाचून दाखवली. गलबत रात्रभर वाऱ्यावर गेले आणि पहाटे जयगडच्या खाडीत शिरले, तेव्हा यमुनाबाईंनी पदराने डोळे पुसले, आणि पान त्र्याहत्तरवर वारा आधी दक्षिणेचा होता तो उत्तरेचा कसा झाला, असे विचारले. प्रत परत मागायची काशीरामांना आठवण राहिली नाही. त्यांनी घडी जागच्या जागी चिकटवून दिली. बाकी प्रतींना त्यांनी हात लावला नाही. तशी कोणाची मागणी नव्हती.

आता आकडा जुळवणे उरले. प्रत कमी का, याची चारच कारणे संगणकाला ठाऊक होती: वितरकाकडे गेली, परत आली, भिजली, वाळवी लागली. ‘वाचली’ असे कारण नव्हते. शमिकाने मुंबईला विचारले, तर अशी गरज आजवर कोणाला पडली नाही, असे कळले. तिने बराच विचार केला. पावसाळा नसल्याने भिजली म्हणता येईना. पहिल्या पानाला लागून, एकही पान न सोडता, शेवटापर्यंत जाणारा दुसरा प्राणी तिला आठवेना. तिने ‘वाळवी’ निवडले. कौल लगेच मिळाला. गठ्ठे हलले, शाल-श्रीफळ झाले.

ही पद्धत आता सगळीकडे लागू झाली आहे. जो मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ वाचतो, त्याची नोंद वाळवी या सदरात होते. आपण इथवर आलात, म्हणून कानावर घातले. अर्थात मधला एखादा परिच्छेद गाळून आला असाल, तर घाबरायचे कारण नाही. आपण मान्यवरांत मोडता, आणि ही कथा एका बैठकीत संपवल्याचे खुशाल कळवावे.