भट्टीतला गारवा

आमचा प्रल्हाद चहा तापवायचा तर पाच टप्प्यांत. स्टोव्हवर ठेवायचा, उतरवायचा, बोट बुडवून बघायचा, वहीत लिहायचा, पुन्हा ठेवायचा. तेही मे महिन्यात, पेडगावात! आम्ही ओरडलो की म्हणायचा, "सावकाश. एकदम तापवलं की माहिती जाते."

प्रल्हाद माझा चुलतभाऊ. मुंबईला अणुभट्टीवर कामाला. धातूची बारीक तार द्रवरूप नायट्रोजनमध्ये गारठवायची, तशीच भट्टीत ठेवून तिच्यावर किरणांचा मारा करायचा, मग हळूहळू तापवत आत काय बिघडलं ते मोजायचं. त्या तारेला तो 'नमुना' म्हणे. गाव त्यालाच नमुना म्हणे.

पस्तिशी आली तरी लग्न जमेना. त्या मे महिन्यात तो सुट्टीवर गावी आला, तेव्हा बोरीला मुलगी बघायला गेलो. शाळेत विज्ञान शिकवायची. प्रल्हादला ती लय आवडली. मला लगेच कळलं, कारण त्यानं चहा न मोजता प्यायला.

मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पोरगं काय करतंय?"

आमचे मामा छाती फुगवून म्हणाले, "मुंबईला भट्टीवर हाय!"

झालं! आमच्याकडं भट्टी एकच, दारूची. वडील ताडकन उठले. "आमी पंचशील पाळणारी माणसं. दारू गाळणाऱ्याला पोरगी देत न्हाई!"

"दारू न्हाई ओ," प्रल्हाद म्हणाला. "आमी भट्टीत तार गार ठिवतो. किरण मारून तिचे अणू हलवतो."

"भट्टीत गार? येडा समजायलास का मला?"

वडील लालबुंद. आणि हा बाबा शांतपणे म्हणतो, "एकदम तापू नका. माहिती जाते."

पाच मिनिटांत आम्ही एस.टी. स्टँडवर होतो. मामा त्याला शिव्या घालत होते, मी मामांना.

सुट्टी संपायच्या दिवशी प्रल्हादनं माझ्या हातात एक कागद दिला. "एवढा बोरीला पोचव."

मी वाचला. 'तापवल्यावर बहुतेक अणू आपल्या जागी परत जातात. काही जात नाहीत.'

"अरे, हे काय प्रेमपत्र हाय व्हय?"

"तुमी भांडत होता तवा तिनं दाराआडून विचारलं, हललेले अणू परत जागेवर जातात का? मी सांगायच्या आत मामानं दंड धरून बाहेर काढलं." त्यानं कागदाची पुन्हा घडी घातली. "नऊ वर्षं हे काम करायलोय. पहिल्यांदा कुणीतरी विचारलं रे."

मला माझीच लाज वाटली. मीही कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बोरी गाठली. तिनं कागद वाचला, वडिलांच्या देखत मागच्या बाजूला एक ओळ लिहिली आणि परत दिला.

'जे जात नाहीत, त्यांचं काय करता?'

तो कागद मी मुंबईला रजिस्टर पोस्टानं पाठवला. साध्या टपालावर सोडवेना.