पोलंडला गेलेलं नारिंग

मेश्रामकाकांसमोर ‘संत्री’ म्हणायची सोय नाही. नंदनवनातल्या आमच्या गल्लीत फळांची हातगाडी आली की हा माणूस बनियनवर बाहेर येतो. “नारिंग म्हण ना गा. आपला शब्द पोलंडपर्यंत गेला, न् तुले म्हणायची लाज वाटून राहिली?” गाडीवाल्यानं शेवटी गल्लीच सोडली. आता फळं आणायला मला चौकापर्यंत तंगडतोड करावी लागते. डोकं फिरणार नाही तर काय?

काकांचा जन्म रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेला. मुलगी पोलंडला असते. तिथं संत्र्याला ‘पोमारांचा’ म्हणतात, हे तिनं एकदा सहज सांगितलं आणि आमच्या मागे हे झेंगट लागलं. काकांनी हरवलेल्या पार्सलचा करावा तसा शब्दाचा तपास सुरू केला. जाडजूड कोश आणले, वहीत स्टेशनं मांडली. संस्कृतात नारंग, फारसीत नारंग, अरबीत नारंज, मग इटली.

“इटलीत पहिला ‘न’ गायब. वरून ‘पोम’ चिकटवला, म्हणजे फळ. माल फुटला तं शेरा काहून नाही मारला कोणी?”

मी म्हटलं, “काका, संस्कृतवाल्यांनीही हा शब्द दक्षिणेतल्या भाषांतूनच उचलला म्हणतात.”

“म्हणजे बुकिंगपासूनच घोळ हाये.” दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जणू मीच उचलला होता.

काकू गेल्यापासून काका घरात एकटेच. दाढी करतात ती फक्त रविवारी, कारण दुपारी मुलीचा व्हिडिओ कॉल येतो. आठवडाभर त्यांचा जीव त्या कॉलमध्ये अडकलेला असतो. गेल्या रविवारी फोनचा स्टँड मोडला म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी फोन डब्याला टेकवून दिला, आणि काकांनी संस्कृतापासून सुरुवात केली. मुलगी दोनदा “हो बाबा” म्हणाली आणि सिंककडे वळून भांडी घासायला लागली. काका फारसीत पोचले तरी तिनं मान वळवली नाही. मला तिचा संताप आला, आणि यांचाही.

तिला ऐकू जाऊ नये म्हणून फोनवरचा आमचा आवाज बंद करून मी म्हटलं, “पुरे करा काका. ती ऐकून नाही राहिली.”

काकांनी पडद्यावरची नजर काढली नाही. “माहीत हाये मले. मी थांबलो का पोरगी फोन ठेवते गा. बोलत राहिलो तं तिची पाठ तरी दिसते.”

मी आवाज पुन्हा चालू केला. काका अरबस्तान ओलांडून इटलीत शिरले. पोलंड जवळ येत चाललं होतं. मी घाईघाईनं कोश उघडला आणि दुसरा शब्द शोधायला लागलो.