आठशे वर्षांपूर्वीची मिरची

भूमिकाच्या गोष्टीत लढाई अगदी रंगात आली होती. आठशे वर्षांपूर्वीची तापीकाठची गढी, खाली शत्रूचे शंभर घोडेस्वार, वर चाळीस बायका. नायिका कालीबाई ओरडते, "फेका!" आणि चाळीस सुपं लाल तिखट खाली येतं. घोडेस्वार डोळे चोळत पसार. समाप्त!

दहावीतल्या भूमिकाला वही मिटताना स्वतःलाच शिट्टी मारावीशी वाटली. तिचे पप्पा हेमकांत नंदुरबारच्या एका पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालायच्या मैदानावर, देखरेखीला होते. त्यांनी पथारीभर सांगितलं, "मन्ही पोरनी गोष्टमा आपली मिरचीच लढाई जिकस!"

जिल्ह्याच्या स्पर्धेला शाळेतून एकच गोष्ट जायची होती आणि ती निवडणार होत्या इतिहासाच्या रंजना मॅडम. त्यांनी वही वाचली, चष्मा काढला.

"मिरची आपल्याकडे समुद्रापलीकडून आली, पाचशे वर्षांपूर्वी. तुझी कालीबाई त्याच्याही तीनशे वर्षं आधी तिखट फेकतेय. आणलं कुठून?"

"मॅडम, नंदुरबारला मिरची नव्हती?"

"नव्हती."

तापीत पाणीच नव्हतं असं कुणी म्हणावं, तसा भूमिकाचा चेहरा झाला.

"सोमवारी अकराला नाव पाठवायचंय. तोवर लढाई दुसऱ्या कशाने तरी जिंक. पण ते तेव्हा इथे होतं आणि त्याने माणूस खरंच हटतो, हे मला पटलं पाहिजे."

घरी पप्पा हबकले. "आते मी पथारीवर काय तोंड दाखाडू?" तरी बिचारे संशोधनाला बसले. भूमिकाने त्यांच्यावर चुलीतली राख फेकली. ते शिंकले आणि चहा मागू लागले. कांद्याचा रस शिंपडला. ते रडले, पण जागचे हलले नाहीत.

शेवटी तिने खांडबाऱ्याच्या जमनाबाईला, म्हणजे फुईला, फोन लावला. पप्पांची ही बहीण शाळेत चौथीपर्यंतच गेलेली, पण बांधावरचं एकूण एक झाडझुडूप तिला पाठ.

"अवं, खाजकुयली शे ना!" फुई म्हणाली. "ती काय जहाजमा बशीसन नही उनी. मन्ही आजीनी आजी बी तिले घाबरे."

भूमिका थक्क! ग्रंथालयात आयुर्वेदाच्या पुस्तकात खाजकुयलीचं जुनं संस्कृत नावसुद्धा निघालं. रविवारच्या गाडीने फुई स्वतः हजर. पिशवीला तीन गाठी, आत लवदार शेंगा.

"हात लावजो नको. हाई लव आंगले लागनी का माणूस नाचस."

रात्रीत लढाई बदलली. सोमवारी भूमिकाने पुरावा म्हणून एक शेंग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दप्तरात ठेवली, वहीला अगदी खेटून. वरून तिने भूगोलाचं जाड पुस्तक कोंबलं. पिशवी फाटली, शेंग चुरली, लव वहीत पसरली. हे तिला कळलं तेव्हा वही मॅडमच्या हातात होती.

स्टाफरूममधली वीज गेलेली. मुख्याध्यापक दिलवरसिंग सर घामाघूम होऊन आले. "बघू जरा," म्हणत त्यांनी वही उचलली आणि तिनेच वारा घेऊ लागले. दोन मिनिटांत सर मान खाजवत होते. मग मराठीच्या बाई, मग गणिताचे सर, मग शिपाई दिवाल्याभाऊ. तासाची घंटा झाली. वर्गावर कुणीच गेलं नाही.

"भूमिका! काय आणलंस हे?"

"प-पुरावा, मॅडम."

तिने दिवाल्याभाऊंच्या फोनवरून फुईला उपाय विचारला. फुई पलीकडून ओरडली, "पानी नका लावू! शेण चोळा, शेण!"

पावणेअकराला सगळी स्टाफरूम कोपरापर्यंत शेणाने माखून ओळीने बसली होती. आता गोष्ट गेलीच, शाळेतूनही काढणार, म्हणून भूमिका दाराशी रडवेली उभी. तेवढ्यात रंजना मॅडम म्हणाल्या, "इकडे ये. माझे हात भरलेत. पानं तू उलट."

आणि त्या वाचू लागल्या! कान लाल, मानेवर गांधी उठलेल्या, पण एक ओळ सुटेना. भूमिका त्यांच्याकडे बघतच राहिली. तिची कालीबाई त्यांच्यापुढे काहीच नव्हती.

"पटलं," मॅडम म्हणाल्या. "सर, हिचं नाव पाठवा."

सरांनी मान हलवली की खाजवली कुणास ठाऊक, पण होकार दिला.

"थांब. पान चार. लढाईआधी या बायका काय खातायत?"

"भाजलेले शेंगदाणे."

"तेही समुद्रापलीकडचेच."

भूमिकाने पटकन शेंगदाणे खोडून हरभरे लिहिलं. "हरभरे जुने आहेत, मॅडम. पुरावा उद्या..."

सगळी स्टाफरूम एकदम उभी राहिली.

"नको," मॅडम घाईघाईने म्हणाल्या. "हरभऱ्याचं नुसतं तोंडी सांग."