दोन दंड, दोन मोबाईल

निवृत्त ग्रंथपाल आणि त्यांच्या पत्नी, दोघांच्याही दंडावर एकाच सकाळी साखर मोजणारं यंत्र बसलं. यंत्र म्हणजे कोटाच्या बटणाएवढी चकती. ती चौदा दिवस दंडाला चिकटून राहणार आणि अंगातल्या साखरेची खबर दर पाच मिनिटांनी मोबाईलला देणार. मोबाईलशी जोडणी सुनेनं केली. तिला ऑफिसला उशीर होत होता, आणि दोन्ही मोबाईल एकसारखे काळे होते.

“लक्षात ठेवा,” पायात चपला सरकवत ती म्हणाली, “साखर उतरली की टुंग टुंग वाजेल. लगेच तीन चमचे साखर खायची. चढली की भोंगा. मग खाणं बंद, चालायला लागायचं.”

“आणि मधेच असली तर?” ग्रंथपालांना नियम पूर्ण ऐकायची सवय होती.

“तर गप्प बसायचं, बाबा.”

ग्रंथपालांच्या पत्नी शिवणाचा क्लास चालवत, म्हणून जो तो त्यांना बाई म्हणे. त्या दिवशी क्लास लांबला आणि बाईंचं जेवण राहिलं. त्या ताट वाढून घेत होत्या तोच ग्रंथपालांचा मोबाईल टुंग टुंग करू लागला. त्यांनी आज्ञाधारकपणे तीन चमचे साखर तोंडात टाकली. थोड्या वेळानं बाईंच्या मोबाईलनं भोंगा वाजवला.

“अहो, दोनशे चाळीस! मी तर दोनच घास खाल्लेत!”

“माझी बघ, बहात्तर. एवढी साखर खाऊनही उतरतेच आहे.”

“मग अजून खा.”

“तू ताट ठेव आणि चाल.”

बाई उठल्या आणि चालायला बाहेर पडल्या. कोपऱ्यावर पोचेपर्यंत त्यांचा मोबाईल म्हणाला, सेन्सर सापडत नाही. घरी ग्रंथपालांचाही तेच म्हणत होता. बाई धावतपळत परतल्या, दार उघडलं, आणि दोन्ही मोबाईल एकदम जिवंत झाले.

“तू गेलीस की माझं यंत्र बंद पडतं गं,” ग्रंथपाल म्हणाले.

“अगंबाई, माझंही!”

“एवढ्या वर्षांत आपल्याला कळलं नाही ते यंत्राला कळलं,” ग्रंथपाल बाईंचा हात धरून म्हणाले. तेवढ्यात टुंग टुंग झालं म्हणून त्यांनी एक केळं खाल्लं. बाईंनी डोळे टिपले, आणि यापुढे घरातल्या घरात जेवणाच्या टेबलाभोवतीच चालायचं ठरवलं.

ग्रंथपाल खात, तसा बाईंचा भोंगा वाजे. बाई उपाशीपोटी फेऱ्या मारत, तसं ग्रंथपालांचं टुंग टुंग वाढे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सून घरी आली तेव्हा सासूबाई टेबलाची कड धरधरून फिरत होत्या. त्यांचे हात असे थरथरत होते की सकाळपासून सुईत दोरा गेला नव्हता. सासरे जॅमची बाटली मांडीवर घेऊन पेंगत बसले होते.

“मला हे अजिबात आवडत नाही गं,” चमचा चाटत ते केविलवाण्या आवाजात म्हणाले. “पण जिवाचा प्रश्न आहे.”

सुनेनं दोघांना तसंच उचलून डॉक्टरांकडे नेलं. नर्सनं बोटाला सुई टोचून रक्त तपासलं. बाई सहासष्ट, ग्रंथपाल दोनशे नव्वद. मोबाईल बरोब्बर उलटं सांगत होते. सुनेनं कपाळावर हात मारून घेतला.

“म्हणजे दोन दिवस,” डॉक्टर सावकाश म्हणाले, “काका खात होते ते बाईंची साखर वाढावी म्हणून, आणि बाई चालत होत्या ते काकांची उतरावी म्हणून.”

“लग्न झाल्यापासून हेच चाललंय,” बाई म्हणाल्या आणि नर्सनं दिलेलं सरबत एका दमात संपवलं.

उपाय सोपा होता. चकती एकदा एका मोबाईलला जोडली की जोडणी बदलता येत नव्हती. तेव्हा उरलेले बारा दिवस दोघांनी एकमेकांचे मोबाईल वापरायचे. हे ऐकताच दोघांनीही आपापला मोबाईल छातीशी घट्ट धरला.

“माझ्यात बहिणींचा ग्रुप आहे,” बाई म्हणाल्या.

“माझ्यात काहीच नाही,” ग्रंथपाल म्हणाले, “म्हणून तर नको.”

पण डॉक्टरांनी दोन्ही मोबाईल काढून घेतले आणि आपल्या हातानं अदलाबदल केली.

दुसऱ्या दिवशी बाई जेवून आरामखुर्चीत टेकल्या होत्या. टेबलाभोवती आता ग्रंथपाल फिरत होते. एवढ्यात त्यांच्या खिशातला बाईंचा मोबाईल वाजला.

“बाई, बेकरीतून बोलतोय,” पलीकडच्यानं श्वासही न घेता सुरुवात केली. “काकांची बिनसाखरेची बिस्किटं संपत आलीत. दर मंगळवारी तुमची नजर चुकवून येतात आणि उभ्या उभ्या चार खातात. दोन वर्षं झाली, त्यांना अजून पत्ता नाही! उलट मलाच सांगतात, एवढं गोड बिस्किट गावात कुठे मिळत नाही म्हणून. तुम्ही सांगितलंत तशीच पुन्हा करू ना?”

ग्रंथपाल टेबलाला धरून उभे राहिले. मग आवाज होईल तेवढा बारीक करून “हं” म्हणाले आणि फोन बंद केला.

“कोणाचा हो?” बाईंनी डोळे मिटूनच विचारलं.

“राँग नंबर.”

“मग थांबलात का? चाला.”

ग्रंथपाल चालू लागले. उद्या मंगळवार होता, आणि जावं की न जावं, हे त्यांना काही केल्या ठरवता येईना.